तिथं नेलंत, आता परत आणा: ‘हॉबिट’वाल्यांना खुलं पत्र

‘द हॉबिट’ या एका पुस्तकाचे तीन सिनेमे करणाऱ्या आणि आता ‘द हंट फॉर गॉलम’ आणू पाहणाऱ्या निर्मात्यांस व स्टुडिओच्या निर्णयकर्त्यांस,

सप्रेम नमस्कार.

मे 2024 मध्ये गॉलमच्या, म्हणजे टॉल्किनच्या गोष्टीतल्या त्या अंगठीने झपाटलेल्या विचित्र जीवाच्या, शोधावरच्या नव्या सिनेमाची घोषणा झाली. दिग्दर्शन अँडी सर्किसचं, म्हणजे ज्याने गॉलमला आवाज आणि अंगकाठी दिली त्याचंच. आता तो डिसेंबर 2027 मध्ये येणार म्हणताय. घोषणेच्या दिवशी भाचीचा मेसेज आला, ‘मावशी, गॉलम परत येतोय!’ मी लिहिलं, ‘आधीची उधारी फिटल्यावर येऊ दे.’ ती चिडली, मग मीही चिडले, आणि आमच्यात दहा-बारा वर्षं धुमसणारं भांडण पुन्हा पेटलं. शेवटी म्हटलं, आपसांत किती भांडायचं? ज्यांच्यामुळे भांडतोय त्यांनाच एकदा लिहावं. जाहीर लिहितेय, कारण अशी भांडणारी घरं पुष्कळ आहेत.

उधारी ‘हॉबिट’ची. 1937 साली आलेली टॉल्किनची ही कादंबरी तीनशेच्या आसपास पानांची आहे. गँडाल्फ जादूगाराच्या सांगण्यावरून बिल्बो नावाचा घरकोंबडा हॉबिट, म्हणजे एक छोटा माणूस, थोरिन आणि त्याच्या बारा बुटक्यांबरोबर, स्मॉग ड्रॅगनने बळकावलेलं त्यांचं सोनं परत मिळवायला जातो आणि घरी परततो, ही त्यातली गोष्ट. प्रकरणं 19. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणं 62, त्यांचे तीन सिनेमे झाले, 19 प्रकरणांचेही तीनच. थिएटरमधली लांबी 169, 161 आणि 144 मिनिटं, एकूण 474. ही बेरीज मी इतक्या वेळा केली आहे की आता पाठ झाली.

माझा संबंध काय ते सांगते. 2012 मध्ये पहिला सिनेमा येणार म्हणून त्याआधीचा महिनाभर मी भाचीला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, हे पुस्तक रोज रात्री मराठीतून सांगितलं. इंग्रजी पान समोर धरायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं. गॉलम आपल्या अंगठीला ‘प्रेशस’ म्हणतो, त्याचं मी ‘माझं सोनुलं’ केलं होतं. ती अजूनही चार्जर सापडला की घशातून आवाज काढत ‘सोनुलं, माझं सोनुलं’ म्हणते. बिल्बो आणि गॉलम पैजेवर कोडी घालतात त्या प्रकरणाला तीन रात्री लागल्या, कारण कोडी यमकासकट बसवायची होती. दातांचं जमलं, वाऱ्याचं जमलं. डेझीच्या फुलांचं मात्र काही केल्या जमेना. ते कोडं त्या फुलाच्या जुन्या इंग्रजी नावावर, ‘दिवसाचा डोळा’ या अर्थावर, बेतलेलं आहे. तो अर्थ मराठीत आणायचा कसा? मग डेझी काढून टाकली आणि तिथं सूर्यफूल घातलं. नावातच सूर्य! त्या रात्री मला टॉल्किनच्या शेजारी जाऊन बसल्यासारखं वाटलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ‘पुस्तकातलं अक्षरही हलता कामा नये’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. सांगायचं म्हटलं की बदलावं लागतंच. टॉल्किननेही बदललं. 1937 च्या आवृत्तीतला गॉलम पैज हरल्यावर चक्क माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे अंगठीची मोठी कथा मनात आकाराला आल्यावर लेखकाने 1951 च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि आपल्या ओळखीचा, ‘चोर, चोर’ म्हणून किंचाळणारा गॉलम जन्माला आला. त्यामुळे ‘पुस्तकवाल्यांना काहीच चालत नाही’ हे तुमचं ठेवणीतलं उत्तर मला देऊ नका.

याच लेखकाने 1960 मध्ये आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. ‘हॉबिट’ आधी लिहिलेलं, मुलांसाठीचं, हलक्या चालीचं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ नंतरचं आणि भारदस्त. दोन्हींचा सूर जुळावा म्हणून त्याने ‘हॉबिट’ पहिल्यापासून गंभीर सुरात लिहायला घेतलं. काही प्रकरणं झाली आणि त्याने ते सोडून दिलं. लिखाण चांगलं होतं, पण ते ‘हॉबिट’ राहिलं नव्हतं. पुढे पन्नासेक वर्षांनी तुम्ही नेमकं तेच काम हातात घेतलंत, आणि तुम्ही मात्र सोडलं नाहीत.

आता तक्रारी. पहिली अर्थातच दोनाचे तीन करण्याची. सिनेमे दोनच व्हायचे होते. गिलेर्मो देल तोरो दिग्दर्शन करणार होते. काम लांबत गेलं आणि 2010 मध्ये ते बाहेर पडले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे केलेल्या पीटर जॅक्सन यांनी धुरा घेतली. 2012 च्या जुलैत, दोन सिनेमांचं मुख्य चित्रीकरण उरकल्यावर आणि पहिला पडद्यावर यायला पाच महिने उरले असताना, तिसऱ्या सिनेमाची घोषणा झाली. पट आधीच मांडलेला, सोंगट्या हलवून झालेल्या, आणि मग ठरलं की आणखी एक पट लागेल. तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, रोजचं रोज निभावून न्यावं लागलं, हे जॅक्सन यांनी स्वतः तिसऱ्या सिनेमाच्या डिस्कसोबतच्या माहितीपटात बोलून दाखवलं आहे. मोठ्या लढाईचं चित्रीकरण मध्येच थांबवून पुढच्या वर्षावर टाकावं लागलं होतं. माझ्या ओळखीचे सिनेमावाले म्हणतात, ‘दिग्दर्शकाला दोष देऊ नकोस.’ नाही देत. म्हणूनच हे पत्र त्यांच्या नावाने नाही, तुमच्या नावाने आहे.

या ओढाताणीचा सगळ्यात स्वच्छ पुरावा तिसऱ्या सिनेमाचं नाव. कादंबरीचं दुसरं नाव आहे ‘देअर अँड बॅक अगेन’, तिथं जाऊन परत. तिसऱ्या सिनेमाचं नावही तेच ठरलं होतं. 2014 च्या एप्रिलमध्ये ते बदलून ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ झालं. परत येणं नावातून गेलं, सिनेमातूनही जवळजवळ गेलं. पुस्तकात परतीचा प्रवास आहे, अस्वलाचं रूप घेणाऱ्या बेऑर्नकडे काढलेला हिवाळा आहे, एल्फांच्या रिव्हेंडेलचा मुक्काम आहे. सिनेमात बिल्बो लढाईनंतर चालायला लागतो आणि बघता बघता घराच्या दारात, तो मेला समजून मांडलेल्या त्याच्याच सामानाच्या लिलावाच्या गर्दीत उभा. लिलाव ठेवलात त्याबद्दल आभार.

दुसरी तक्रार ड्रॅगनची. स्मॉग पुस्तकात चौदाव्या प्रकरणात मरतो. तुम्ही दुसरा सिनेमा तो डोंगरातून झेपावतो तिथं तोडलात आणि आम्हाला वर्षभर लटकवलंत. भाची तेव्हा दहाची. तिला शेवट माहीत होता, तरी वर्षभर ‘तुझ्या गोष्टीतल्यासारखाच मरेल ना?’ असं विचारायची. डिसेंबर 2014 मध्ये आम्ही दोघी वेळेत जाऊन बसलो. उशिरा आलेले लोक मोबाइलच्या उजेडात आपापल्या खुर्च्या शोधत होते आणि तेवढ्यात ड्रॅगन मेला. सिनेमाचं नाव त्यानंतर पडद्यावर आलं. भाचीने माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. त्या हातांना अजून तुमच्याकडून उत्तर नाही.

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि माझ्या मते बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातल्या आहेत: बिल्बो हरवला.

पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणात बिल्बो एकटा डोंगराच्या पोटातल्या भुयारातून खाली जातो. पुढे तांबूस उजेड, कढ आल्यासारखी ऊब, आणि एखादं प्रचंड मांजर घुरघुरावं तसा आवाज. तो थांबतो. मग पुन्हा पाऊल टाकतो. टॉल्किन तिथं सांगतो की ते पाऊल टाकणं हीच बिल्बोच्या हातून घडलेली सगळ्यात शूर गोष्ट. खरी लढाई त्याने त्या बोळात एकट्याने लढली, समोर काय आहे ते दिसण्याआधीच. मी हे सांगत होते तेव्हा भाचीने माझा दंड इतका आवळला की नखं उमटली. ड्रॅगन अजून दिसलासुद्धा नव्हता.

आणि पाच सैन्यांची लढाई? तिथं बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. लढाईचा निकाल त्याला, आणि आपल्याला, नंतर कुणाकडून तरी कळतो. एका छोट्या माणसाच्या नजरेने युद्ध दाखवायचं तर ते असंच दिसणार. तुमच्याकडे भुयारातली लढाई डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते आणि मैदानावरची पाऊण तासाच्या घरात जाते. थोरिनच्या घराण्याचा वैरी ॲझॉग पुस्तकात कधीचाच मेलेला. त्याला उठवलंत, का, तर थोरिनच्या मागे धावायला कुणीतरी हवं. वितळलेल्या सोन्याचा पुतळा ओतून ड्रॅगनला बुडवायचा बेत कुणाला सुचला ते माहीत नाही. ज्या प्राण्याच्या पोटातच आग आहे त्याला गरम सोन्याने काय होणार होतं, हे मला दहा वर्षांच्या मुलीने विचारलं होतं.

गंमत म्हणजे बिल्बो तुमच्याकडे होता! मार्टिन फ्रीमनसारखा बिल्बो दुसरा कुणी केला असता असं मला वाटत नाही. नाकपुडी हलवून, अर्धा शब्द गिळून, बोटांनी खिशाची शिवण चाचपून तो माणूस जे करतो ते पानावर नाहीच. तुमच्या तिसऱ्या सिनेमात दोन जागा आहेत. एकात बिल्बो थोरिनला हातातली ओकची बी दाखवतो, बेऑर्नच्या बागेतून उचललेली, घरी नेऊन लावीन म्हणतो, आणि सोन्याने झपाटलेल्या थोरिनच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना थोरिन येतो. दुसरीत लढाई संपल्यावर गँडाल्फ येऊन त्याच्या शेजारी बसतो, चिलीम काढतो आणि ती खरवडत राहतो. कुणी काही बोलत नाही. या दोन्ही जागा कादंबरीत नाहीत, तुमच्या आहेत. आणि माझ्यासारख्या पुस्तकवालीला त्या पुस्तकातल्या वाटतात, कारण त्या बिल्बोच्या जवळ बसून बघितलेल्या आहेत. म्हणजे तुम्हाला येत होतं.

चौथ्या मुद्द्यावर माझं आणि भाचीचं पटत नाही, म्हणून तो तिच्या बाजूने आधी मांडते. टॉरिएल. पुस्तकात ही एल्फ बाई नाही. दुसरा सिनेमा बघून आल्यावर भाचीने माझ्यावर सरळ आरोप केला, ‘तू सांगताना तिला गाळलंस!’ मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसेना. वर्ष-दीड वर्षाने, इंग्रजी जमायला लागल्यावर, तिने टॉरिएलला शोधायला म्हणून माझी जुनी प्रत घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. 19 प्रकरणं! तिचं आयुष्यातलं पहिलं मोठं इंग्रजी पुस्तक. प्रत परत करताना तिने काय म्हटलं ते मी विसरणार नाही: ‘टॉरिएल नाहीये ते जाऊ दे. मावशी, यात एकही मुलगी नाहीये.’

नाहीच आहे. नावाने उल्लेख होतो तो फक्त बिल्बोच्या आईचा, बेलाडोना टूकचा. इतक्या वर्षांत, इतक्या पारायणांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ज्या पुस्तकावर जीव टाकला त्यात मला कुठंच जागा नव्हती, आणि हे मला एका मुलीने तुमच्या सिनेमाचं बोट धरून दाखवलं. तेव्हा टॉरिएल आणल्याबद्दल मी तुमच्याकडे तक्रार करत नाही. आणून तिचं काय केलंत त्याबद्दल करते. टॉरिएल झालेल्या इव्हँजेलिन लिली यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे की भूमिका घेताना त्यांची एकच अट होती, प्रेमाचा त्रिकोण नको. आणि पुढे पुन्हा चित्रीकरणाला बोलावलं तेव्हा त्रिकोण तयार होता. एका बाजूला बुटक्यांतला किली, दुसऱ्या बाजूला एल्फ राजाचा मुलगा लेगोलस, जो त्या पुस्तकात मुळातच नाही. पहारेकऱ्यांची प्रमुख, सहाशे वर्षांची, स्वतःच्या राजालाही तोंडावर सुनावण्याच्या तयारीची बाई, आणि तिच्या वाट्याला शेवटी काय? प्रेतापाशी बसून ‘हे इतकं का दुखतं’ विचारणं. भाची म्हणते, तरीही ती हवी. मी म्हणते, अशी नको. हा वाद आमचा आम्हाला आवडतो. दहा वर्षं चालला, आणखी दहा चालेल.

पण या वादात शिव्या कुणी खाल्ल्या? त्या नटीने. सिनेमा येण्याच्या आधीपासून. आणि त्या देणारे माझ्या बाजूचे होते, पुस्तकवाले, हे मला लाजेने कबूल करायला हवं. ज्यांनी अट मोडली ते कुणाला दिसले नाहीत, जिचा चेहरा पोस्टरवर होता ती सापडली. तुमच्यातलं कुणी पुढे येऊन ‘हा निर्णय आमचा, बोलायचं ते आम्हाला बोला’ म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

बाकीच्या तक्रारी भराभर. आर्केनस्टोन, ज्या हिऱ्यापायी थोरिन वेडा होतो, ज्यापायी बिल्बो मित्राशी दगा करतो, त्याचं पुढे काय झालं हे थिएटरमधल्या तिसऱ्या सिनेमात सांगितलेलंच नाही. थोरिननंतर राजा कोण हेही नाही. दोन्हींची उत्तरं नंतर विकायला काढलेल्या वाढीव आवृत्तीत निघाली. 474 मिनिटांत या दोन वाक्यांना जागा नव्हती, आणि त्या लबाड आल्फ्रिड नावाच्या नोकराच्या बाईच्या वेषातल्या विनोदांना होती! बेऑर्न, जो पुस्तकात लढाईचं पारडं फिरवतो, थोरिनला उचलून नेतो, तो थिएटरमध्ये काही सेकंद दिसतो. पापणी लवली तर तेही नाही. सेकंदाला 24 ऐवजी 48 फ्रेम्सचा तुमचा प्रयोग मला नाटकाची तालीम बघितल्यासारखा वाटला, भाचीला खिडकी उघडल्यासारखा. ते सोडून देऊ. पण गँडाल्फ झालेल्या इयान मॅकेलन यांचं सोडता येत नाही. आधीच्या सिनेमांत गँडाल्फ मोठा आणि हॉबिट छोटे दाखवायला एकाच सेटवर कॅमेऱ्याच्या कोनाची करामत चालायची, नट एकमेकांसमोर असायचे. थ्रीडीत ती करामत चालेना. म्हणून त्यांना हिरव्या पडद्यांच्या खोलीत एकटं बसवलं, समोर खांबांवर तेरा बुटक्यांचे फोटो. त्यांना तिथं रडू कोसळलं. नट व्हायचं ठरवलं ते यासाठी नाही, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि माइक चालू होता. बिल्बोच्या घरात तेरा पाहुणे घुसतात त्या, पुस्तकातल्या सगळ्यात गजबजलेल्या प्रसंगाचं हे चित्रीकरण!

तर गॉलमच्या घोषणेनंतर भाचीने मला आव्हान दिलं. म्हणाली, ‘नुसती कुरकुर करू नकोस. तिन्ही पुन्हा बघू. तू तुझा कागद घे, मी माझा. ठेवायचं आणि कापायचं, मिनिटांसकट.’ तीन शनिवार गेले. रिमोट तिच्या हातात, घड्याळ माझ्या. मध्ये बघायचं नाही एकमेकींच्या कागदात, असा नियम होता, आणि तो तिने दोनदा मोडला.

शेवटच्या नामावल्या सोडून हिशेब केला. मी ठेवलेलं साडेतीन तासांच्या थोडं वर भरलं, तिने ठेवलेलं साडेचारच्या थोडं वर. माझ्या कागदावर डोल गुल्डूरचा, म्हणजे गँडाल्फ एकटा ज्या पडक्या किल्ल्यात जातो तिथला, सगळा भाग कापलेला होता. तिने ठेवला होता, आणि तिचं कारण बिनतोड होतं: गँडाल्फ अरण्याच्या तोंडाशी सगळ्यांना सोडून जातो तो कुठं जातो, हे पुस्तकात शेवटी एका वाक्यात उरकलंय, आणि त्याची हकिगत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांत आहे. म्हणजे ती तुमची थाप नाही. रॅडागास्ट या दुसऱ्या जादूगाराची सशांची गाडी मी कापली, तिने ठेवली (‘ससे आहेत, मावशी’). टॉरिएलचं तर सांगायलाच नको.

पण मग आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोघींनी ठेवलेलं: बुटक्यांचं शेकोटीपुढचं खर्जातलं गाणं. कोड्यांचा खेळ, अख्खा, एक सेकंदही न कापता. झाडाच्या शेंड्यावर डोकं काढल्यावर उडालेली फुलपाखरं. सोन्याच्या राशीवर बिल्बो आणि स्मॉग यांची बोलाचाली. ओकची बी. चिलीम. दोघींनी कापलेलं: सोन्याचा पुतळा, आल्फ्रिड, पिंपांवरची हाणामारी. पुस्तकात पिंपं गुपचूप वाहत जातात आणि बिल्बोला अशी सर्दी होते की पुढे मेजवानीत त्याला नीट आभारही मानता येत नाहीत. मग ॲझॉगचे बहुतेक पाठलाग, आणि मैदानावरच्या लढाईचा निम्मा. दोघींच्याही मते जायला हवा असा भाग जवळपास अडीच तासांचा निघाला.

अडीच तास! एका अख्ख्या सिनेमाएवढे. जो तिसरा सिनेमा तुम्ही 2012 च्या जुलैत वाढवलात, तो आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कागदांच्या मध्ये पडला होता. आम्ही दहा वर्षं ज्यावरून भांडत होतो त्यातलं खरं भांडण टॉरिएलचं आणि डोल गुल्डूरचं, म्हणजे तासाभराचं. बाकी सगळा वेळ आम्ही तुमचं भरताड एकमेकींच्या अंगावर फेकत होतो. ती ‘सिनेमा चांगला आहे’ म्हणायची तेव्हा तिच्या मनात चिलीम असायची. मी ‘वाईट आहे’ म्हणायचे तेव्हा माझ्या मनात आल्फ्रिड.

असं करणाऱ्या आम्ही पहिल्या नाही. तिसरा सिनेमा येऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा, 2015 च्या जानेवारीत, एका चाहत्याने तिन्हींना कात्री लावून चारेक तासांचा एकच सिनेमा केला होता. नंतर अशा कितीतरी आवृत्त्या निघाल्या. लोक फुकट, रात्री जागून, तुमचं एडिटिंग करतायत. आणि त्यांच्याशी तुमचं वागणं? 2009 मध्ये चाहत्यांनी वर्गणीवजा पैशांत ‘द हंट फॉर गॉलम’ याच नावाचा चाळीसेक मिनिटांचा सिनेमा केला होता, सगळ्यांना बघायला मोकळा. तुमची घोषणा झाली आणि तो यूट्यूबवरून हटला. बोंबाबोंब झाल्यावर परत आला. विषय, नाव, सगळं आधी त्यांनी केलेलं. नवा आला म्हणून जुन्याला दार दाखवायचं?

आता मागण्या. पैसे परत मागत नाही. तिन्ही मिळून तुम्ही जवळपास 3 अब्ज डॉलर कमावलेत, त्यात आमच्या तिकिटांचेही आहेत, ते तुमचे. आमचं मागणं एवढंच आहे की ‘हॉबिट’चा एकच, जास्तीत जास्त चार तासांचा, हवं तर मध्यंतराच्या दोन भागांतला सिनेमा तुमच्या सहीशिक्क्याने काढा. नवं काही चित्रित करायचं नाही. सगळं तुमच्या कपाटात आहे. बिल्बो जिथं आहे तिथं कॅमेरा राहू द्या, आणि त्याला माहीत नसेल ते आपल्यालाही थोडा वेळ माहीत नसलं तर बिघडत नाही. आर्केनस्टोन थोरिनच्या छातीवर ठेवलेला दाखवा. परतीची वाट दाखवा. नाव ‘देअर अँड बॅक अगेन’ द्या, ते तुम्हीच एकदा ठरवलं होतं. जुने तीनही राहू देत; ते ज्यांना आवडतात त्यांच्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार?

तो निघेपर्यंत, आणि निघाल्यावरही, चाहत्यांच्या बिनपैशाच्या कामामागे नोटिसा घेऊन लागू नका.

गॉलमच्या सिनेमाबद्दल एक. मूळ मजकूर किती आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गँडाल्फ आणि गॉलमला पकडणारा ॲरागॉर्न यांच्या तोंडी येणारी थोडी हकिगत आणि परिशिष्टातल्या काही नोंदी. त्यातून एक सिनेमा होईल, चांगलाही होईल. सर्किस यांच्याकडून मला आशा आहे. पण भाग किती ते चित्रीकरणाआधी सांगा, आणि मग तो आकडा बदलू नका. पटकथा पुरी झाल्याशिवाय दिवे लावू नका. आणि उद्या त्यात एखादं नवं पात्र असेल, कुणा नटीवर किंवा नटावर आमच्यातले लोक तुटून पडले, तर निर्णय ज्यांचा असेल त्यांनी त्याच दिवशी नावानिशी पुढे यावं. आमच्या बाजूच्या लोकांना आवरायचं काम मी आणि माझ्यासारख्या बाकीच्यांनी करायचं. ते आम्ही आतापर्यंत नीट केलेलं नाही.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक पुस्तकवाली मावशी

ता. क. भाचीने पत्र वाचलं. सूर्यफुलाचा भाग तिला लांबला असं वाटतं. तो मी कापणार नाही. तिची दुरुस्ती एकच आहे आणि ती तिच्याच शब्दांत देते: ‘चार तास नाही, साडेचार लिही. अर्धा तास टॉरिएलचा, त्रिकोण काढून. आणि ससे.’